वरच्या आळीची एकतीस मिनिटं

तपासणी कचेरीच्या योम साहेबांनी आमच्या सिनेमावर पहिली रेघ मारली ती सातूच्या भातावर.

"ही बाई खातेय काय?" प्रोजेक्टर थांबवायला लावून त्यांनी विचारलं.

"सातू आणि बटाटा, साहेब," इन-चॉलदादा म्हणाला.

"शहाऐंशी साल चालू आहे. दोन वर्षांनी अख्खं जग आपल्याकडे ऑलिंपिकला येणार. आणि तुम्ही सातू दाखवताय? काढा."

प्यो इन-चॉल माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, कॉलेजातला. कॅमेरा त्याचा, म्हणजे कुणाकडून तरी मागून आणलेला. आवाजाचं यंत्र माझ्या खांद्यावर. सिनेमावाले म्हणून आम्ही एवढे दोघंच होतो. राजधानी सोल सोडून पाच तास बसने पूर्वेला जायचं, तिथून दीड तास डोंगर चढायचा, तिथे सोत्गोल नावाचं गाव. पंच्याऐंशीच्या शरदापासून पुढच्या वसंतापर्यंत आम्ही तिथे राहिलो आणि एकतीस मिनिटांचा सिनेमा केला. ना हिरो, ना गाणं. त्या गावात जे होतं ते.

सोत्गोलच्या दोन आळ्या. खालची आळी दूर खालच्या मोठ्या रस्त्यावरूनही दिसते. सत्तरच्या दशकात सरकारने गावं सुधारायला काढली तेव्हा खालच्या आळीवर सिमेंटचे पत्रे बसले, वर निळा आणि नारिंगी रंग लागला. वरची आळी टेकडीच्या आड. तिथे सतरा घरं, सतराही गवताने शाकारलेली. कुठल्याही मंत्र्याच्या मोटारीतून ती दिसत नव्हती, म्हणून कुठल्याही सरकारला ती दिसली नाहीत. एवढी साधी गोष्ट. सिनेमात ती मोक्सिलकरणीने सांगितली होती, भांडी घासता घासता, कॅमेऱ्याकडे न बघता.

मोक्सिल हे तिचं माहेर. सासरी कुणी बाईला नावाने हाक मारत नाही, माहेरच्या गावाने मारतात, म्हणून ती मोक्सिलकरीण. कागदावरचं नाव सॉक बुन-नाम. वय अठ्ठावन्न, नवरा फवारणी करताना शेतातच पडून गेलेला, लेक दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात. मिरचीचं शेत आणि एक बैल. तिच्याच ओसरीवर आम्ही सात महिने झोपलो, तिच्याच हातचं खाल्लं. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "पोरी, ते यंत्र खाली ठेव आणि आधी मुळे चीर. मुळे चिरणाऱ्याशीच मी बोलते."

सिनेमा तयार झाल्यावर पहिला खेळ आम्ही तिथेच केला. तंबाखू वाळवायची मातीची खोली होती, खिडकी नाही, भर दुपारी आत काळोख. भिंतीवर चादर लावली आणि सगळी वरची आळी आत कोंबली. स्वतःची तोंडं भिंतीवर बघून बायका इतक्या हसल्या की मला आवाज वाढवावा लागला.

"अगं बाई, मी इतकी म्हातारी दिसते?" मोक्सिलकरीण ओरडली.

"दिसत नाहीस, आहेस," मागून कुणीतरी म्हणालं.

मग मिरचीचा प्रसंग आला. त्या वर्षी परदेशातून मिरची आली आणि आमच्या लोकांच्या मिरचीला कुणी विचारेना. गावाने पोती तालुका कचेरीच्या दारात नेऊन पेटवली होती. काय ठसका उठला होता! कारकून खिडक्यांतून उड्या मारत होते, मोठे साहेब रुमाल नाकाला लावून जिन्यात बसले होते, आणि पेटवणारे स्वतःही खोकत, रडत, हसत होते. कॅमेरा धरलेल्या दादालाही ठसका लागला होता, त्यामुळे सगळं चित्र थरथरतं. ती थरथर आम्ही मुद्दाम ठेवली. त्या खोलीत लोकांना पुन्हा तोच ठसका लागला, नुसतं बघून. शेवटी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग एक म्हातारा म्हणाला, "हे सोलला दाखवा."

सोलला दाखवायचं तर तपासणी कचेरीचा शिक्का हवा. त्याशिवाय कुठलाही हॉल दार उघडत नव्हता. म्हणून आम्ही योम साहेबांसमोर बसलो होतो.

सातूनंतर त्यांनी शाळा काढायला सांगितली, कारण वर्गात नऊच मुलं दिसत होती. मिरचीची होळी तर काढायचीच. मग छपरं.

"गवताची छपरं काढा."

"पण साहेब, ती आहेत."

"नाहीत." त्यांनी टेबलावरचं एक जाड पुस्तक उघडून आमच्याकडे फिरवलं. "देशात गवताची छपरं शून्य. सात वर्षांपूर्वीचा अहवाल आहे. शून्य म्हणजे शून्य. मग ही कुठून आली? तुम्ही केलीत."

"आम्ही तिथे राहिलोय, साहेब. पावसात ती गळतात, ते पाणी आमच्या अंगावर पडलंय."

"पाणी पडतंय तेही काढा."

दादाने बोटांवर हिशेब केला. "साहेब, मग नऊ मिनिटं उरतात. डोंगर आणि कोंबड्या."

"कोंबड्या चांगल्या आल्यात," योम साहेब म्हणाले. चेष्टा नव्हती करत. सोन्याच्या काड्यांचा चष्मा, हळू आवाज, समोर आमच्यासाठी मागवलेली कॉफी. मला त्या माणसाने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

दादा उठला. रीळ डब्यात घातलं. "नऊ मिनिटांचा कोंबड्यांचा सिनेमा तुम्हीच काढा," म्हणाला आणि आम्ही बाहेर पडलो.

सप्टेंबरात एका चर्चने आम्हाला बिनशिक्क्याचा हॉल दिला. रविवारची दुपार, दोनशेच्या वर माणसं, बरीचशी गावाकडून सोलला येऊन कारखान्यांत लागलेली. एकोणिसाव्या मिनिटाला दिवे लागले. साध्या कपड्यातली बारा-तेरा माणसं भिंतीला लागून उभी होती. ती आधीपासूनच आत बसलेली होती हे तेव्हा कळलं. दादाला त्यांनी खुर्च्यांवरून ओढत नेलं. रीळ गेलं, माझ्या आवाजाच्या फिती गेल्या. दुसऱ्या दिवशी ज्या कारखान्यात फिल्म धुतली होती तिथून मूळ प्रतही नेली.

मलाही नेलं होतं, पण चार दिवसांनी सोडलं. सोडताना माझ्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं. 'कॉफी करण्यासाठी सोबत आणलेली मुलगी.' चार दिवसांत मला थपडाही खाव्या लागल्या होत्या, त्या मी विसरले. हे वाक्य आज वीस वर्षांनी लिहितानाही माझे दात आवळले जातात. सात महिने ते जड यंत्र माझ्या खांद्यावर होतं. त्या एकतीस मिनिटांतला प्रत्येक आवाज मी कापून जोडला होता.

नोव्हेंबरात मी सोत्गोलला गेले. दादा आत आहे हे गावाला तोंडाने सांगावं म्हणून. टेकडी चढून वर आले आणि आधी वाटलं, वाट चुकले. वरच्या आळीवर निळे पत्रे. सतराही घरांवर. जुन्या गवताचा ढीग आळीच्या टोकाला जळत होता आणि तालुक्याचा फोटोग्राफर तिपाई लावून एकेका घराचा फोटो काढत होता, ढीग चौकटीत येऊ नये म्हणून मागे सरकत.

मोक्सिलकरीण अंगणात कोबीला मीठ लावत बसली होती. किमचीचे, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबी-मुळ्याचं लोणचं घालायचे दिवस होते.

"बघितलंस?" ती म्हणाली. "बारा वर्षं अर्ज दिले. बारा! दर वर्षी म्हणायचे, पैसे नाहीत. आणि आता तीन दिवसांत सतरा छपरं. ट्रक थेट वर आला, पोरी. बैलाला चढताना धाप लागते तिथे ट्रक आला."

"का केलं त्यांनी हे, काकू?"

"मला काय ठाऊक? गावप्रमुख म्हणाला, तुमच्या सिनेमामुळे नशीब उघडलं. लोक खूश आहेत. तुम्हा दोघांच्या नावाने काल दारूसुद्धा प्यायले." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचे हात मिठात थांबले. "इन-चॉल कुठाय?"

मी सांगितलं. तिने एक कोबी उचलला, चिरला, ठेवला. मग हलक्या आवाजात तिने एवढं विचारलं, "मग हे पत्रे कुणासाठी?"

ते डिसेंबरात कोर्टात कळलं.

आरोप दोन होते. शिक्क्याशिवाय सिनेमा दाखवला हा एक. दुसरा, देशाची बदनामी व्हावी म्हणून खोटं रचून दाखवलं. सरकारी वकिलाने सतरा फोटो मांडले, सतरा निळी छपरं. आणि मग एक कागद वाचला. 'मी, सॉक बुन-नाम, लिहून देते की माझ्या घरावर अठ्ठ्याहत्तर सालापासून सिमेंटचे पत्रे आहेत. सोलहून आलेल्या दोन विद्यार्थ्यांनी मला खाऊ आणि कपडे देऊन त्यावर गवत पसरलं आणि मला गरीब दिसायला सांगितलं.' खाली तिच्या नावाचा लाल शिक्का; आमच्याकडे सहीच्या जागी तोच चालतो.

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता: तीसुद्धा? तो क्षण मी योम साहेबांना, त्या वकिलाला, त्या कचेरीतल्या कुणालाही माफ केलेला नाही. सिनेमा नेला तो नेला. पण ज्या बाईने आम्हाला सात महिने जेवायला घातलं, तिच्याबद्दल त्यांनी दादाच्या मनात तेवढा एक क्षण शंका आणली.

"खोटं आहे!"

मागच्या बाकावरून आवाज आला. मोक्सिलकरीण उभी होती. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, हातात गाठोडं. मी तिला कोर्टाची तारीख सांगितली होती, ये म्हटलं नव्हतं. उभ्या आयुष्यात ती सोलला आलेली नव्हती.

"आजी, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले.

"बसते. आधी ते कुणी लिहिलं ते सांगा. मला लिहिता येत नाही, हे सगळ्या सोत्गोलला ठाऊक आहे."

वकील उठला. "आजी, हा शिक्का तुमचा आहे का?"

ती बाकांमधून पुढे आली. पोलीस अडवायला निघाला, पण म्हाताऱ्या बाईला कुठे धरायचं हे त्याला कळेना. तिने कागदावर वाकून पाहिलं.

"माझाच आहे."

"मग म्हणणंही तुमचंच."

"शिक्का माझा, तोंड माझं नाही!" तिने कागदावर बोट आपटलं. "आमचे सगळ्यांचे शिक्के गावप्रमुखाच्या कपाटात असतात. खत आलं की तोच उठवतो, बी आलं की तोच उठवतो. वीस वर्षं असंच चाललंय. त्याने माझ्या नावाने हे उठवलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही. अहो साहेब, तो फोटो तरी नीट बघा. आठ वर्षं पावसात काढलेला पत्रा असा चकचकीत असतो का? तुमच्या घरावर कसला पत्रा आहे? शेवाळ धरत नाही त्याला?"

लोक हसले. न्यायाधीशांनी टेबलावर ठोकलं. "साक्षीदार म्हणून तुमचं नाव नाही. बाहेर व्हा."

"माझ्या घराची गोष्ट चाललीय आणि माझं नाव नाही? मग नाव कुणाचं आहे? ह्याचं?" तिने वकिलाकडे हात केला. "ह्याने माझं घर बघितलंय? मी सातू खाते. आजही खाऊन आले. हे बघा!" तिने गाठोडं सोडलं आणि ॲल्युमिनियमचा डबा उघडून न्यायाधीशांच्या समोर धरला. सातू, बटाटा, कडेला मुळ्याची किमची. "ह्यातलं काय काय काढणार तुम्ही?"

दोघा पोलिसांनी तिला दंडांना धरून बाहेर नेलं. डबा खाली पडला. मी गोळा करायला वाकले तर दारातून ती ओरडली, "राहू दे तो! ह्यांना झाडू दे!"

दादाला दहा महिन्यांची सजा झाली. सिनेमा सरकारजमा. निकालपत्रात लिहिलं होतं की संबंधित महिलेच्या लेखी निवेदनावरून बनाव सिद्ध होतो. तिने तोंडाने जे सांगितलं त्यातला एक शब्दही नोंदवला गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने तिला पोचवायला मी सोबत गेले. वाटेत मी म्हटलं, "काकू, आता त्या छपराकडे बघवत नसेल."

ती माझ्यावर उखडली. "का बघवणार नाही? छप्पर माझं आहे! बारा वर्षं मागितलेलं आहे. त्यांनी लबाडीने दिलं तो त्यांचा गुन्हा, मी कशाला पावसात बसू? तुम्ही शिकलेली माणसं ना, तुम्हाला आम्ही भिजलेलेच बरे दिसतो."

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. त्यावर मी अजून विचार करते.

गावात शिरल्यावर ती घरी गेलीच नाही. सरळ गावप्रमुखाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"माझा शिक्का दे."

"अगं मोक्सिलकरीण, आत ये, थंडी आहे," तो म्हणाला. "सोलला जाऊन आलीस म्हणे. काय काय बघितलंस?"

"तुझी लबाडी बघितली. शिक्का दे."

"हे बघ, वरून हुकूम होता. मी काय करणार? छप्पर मिळालं ना तुला?"

"शिक्का."

"आणि उद्या खत आल्यावर? रोज टेकडी उतरून येणार आहेस?"

"येईन. रोज येईन. आणि काय लिहिलंय ते तुझ्याकडून मोठ्याने वाचून घेईन, मगच उठवीन."

त्याच्या बायकोनेच शेवटी कपाट उघडलं आणि लाकडी शिक्का आणून तिच्या हातात ठेवला. नवऱ्याकडे न बघता. तोवर वरच्या आळीतल्या बायका खाली येऊन कुंपणाशी जमल्या होत्या. एक पुढे झाली, म्हणाली, "माझाही द्या." मग दुसरी. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीच्या सतराही घरांचे शिक्के घरी गेले. पुढच्या वसंतात वरच्या आळीला खत सगळ्यात शेवटी आलं, निम्मं आलं, तरी कुणी शिक्का परत दिला नाही.

इन-चॉलदादा दहा महिन्यांनी सुटला. पाठ गेली होती. कॅमेरा उचलता येत नसे. त्याने लग्नपत्रिका छापायचं दुकान काढलं आणि पंचाण्णव साली गेला. मोक्सिलकरीण त्याच्या आधी दोन वर्षं. सरकारं बदलली, आधी सिनेमा दाखवून शिक्का घेण्याचा नियमही रद्द झाला. तेव्हा मी त्या कचेरीत गेले आणि आमचं रीळ मागितलं. कारकुनाने रजिस्टर चाळून सांगितलं, असं रीळ इथे कधी आलंच नाही. 'आलंच नाही.' मी निकालपत्र दाखवलं. तो म्हणाला, बाई, ते जुनं सगळं नष्ट केलं. मी विचारलं, आलं नाही, तर नष्ट काय केलंत? त्याने रजिस्टर मिटलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

गेल्या वर्षी एका चित्रपट महोत्सवाचं बोलावणं आलं. 'हरवलेले सिनेमे' असा कार्यक्रम. हरवलेले! जसं काही आम्ही बसमध्ये विसरलो होतो. तरी मी गेले, दादाचं नाव निदान एकदा मोठ्याने घेतलं जाईल म्हणून. पहिल्या रांगेत पाहुण्यांमध्ये सोन्याच्या काड्यांचा चष्मा बसलेला. चित्रपटवारसा जपणाऱ्या कुठल्याशा संस्थेचे मानद अध्यक्ष, योम साहेब. कार्यक्रमाआधी ते स्वतः उठून माझ्याकडे आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरायला लागले.

"तुम्ही त्यात होता ना? काळच तसा होता हो. मी आपली नोकरी केली. खरं सांगतो, सिनेमा सुंदर होता. इतकी वर्षं झाली, अजून डोळ्यांसमोर आहे."

"रीळ कुठे आहे?"

"ते... आता कसं सांगणार?"

"तुम्ही जाळलंत का?"

"मी नाही. माझ्या हाताखालच्या लोकांनी..." ते इकडे तिकडे बघू लागले. "आजचा दिवस आनंदाचा आहे, बाई."

मी हात सोडवून घेतला. स्टेजवर मला पाच मिनिटं दिली होती, दादाबद्दल चार शब्द बोलायला. निवेदिकेने माझी ओळख करून दिली: प्यो इन-चॉल यांच्या सहायक. मी म्हटलं, "सहायक नाही. आवाज माझा आहे. सिनेमा हरवलेला नाही, तो मला पाठ आहे. योम साहेबांनी जे जे काढायला सांगितलं होतं ते सगळं धरून तो एकतीस मिनिटांचा आहे. तेवढा वेळ मी घेणार."

आणि मी सुरू केलं. पहिल्या चित्रापासून. काय दिसतं, मग काय ऐकू येतं, कोण काय म्हणतं. बैल पाणी पितो तो आवाज. शाळेत नऊ मुलं हजेरी देतात ती नऊ नावं, एकेक करून. सभागृहात आधी खुर्च्या करकरल्या, मग थांबल्या. सहाव्या मिनिटाला निवेदिका हळूच येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवून गेली. दहाव्या मिनिटाला योम साहेब उठले. मी थांबून माईकवर म्हटलं, "बसा साहेब, छपरं आता येतायत." सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. ते बसले.

सतराव्या मिनिटाला कुणीतरी माईक बंद केला. मी स्टेजच्या कडेपर्यंत पुढे आले आणि ओरडून सांगायला लागले.